वही आणि प्रतिवही : संघटनेतील माहितीव्यवस्था व नियंत्रण ह्यांविषयी काही विचार

(१)

व्यवस्थापनशास्त्रातील एका विषयावर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने लिहावे ह्याचे काही वाचकांना नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टीला आज 'व्यवस्थापकीय माहितीव्यवस्था' असे म्हणतात, ती मुळात विधानांची व्यवस्था असते. शाखेत काय घडले हे कोणी तरी विधानरूपाने नोंदवतो; ते विधान वरच्या पायरीवर पोहोचते, तेथे इतर विधानांशी मिळवले जाते, संक्षिप्त होते; आणि शेवटी ज्याने ती शाखा कधी पाहिलेली नाही असा अधिकारी त्या विधानाच्या आधारे आज्ञा देतो. विधान कोणी करावे, कोणत्या शब्दांत करावे, त्याला नकार देण्याची सोय असावी की नसावी, हे प्रश्न भाषेचे आहेत. तेव्हा प्रस्तुत लेखात हा विषय त्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. इंग्रजी 'कंट्रोल' हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील 'कॉन्ट्रारोट्युलस' ह्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. 'रोट्युलस' म्हणजे गुंडाळी, हिशेबाची वही. आणि 'कॉन्ट्रारोट्युलस' म्हणजे तिच्या समोर ठेवलेली दुसरी वही. एकाने लिहिलेला हिशेब दुसऱ्याने स्वतंत्रपणे लिहिलेल्या हिशेबाशी ताडून पाहणे, हा ह्या शब्दाचा मूळ अर्थ होय. हुकूम चालवणे, लगाम खेचणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. 'ऑडिट' ह्या शब्दाची कथाही अशीच बोधप्रद आहे. त्याच्या मुळाशी 'ऐकणे' ह्या अर्थाचा लॅटिन धातू आहे. कारण हिशेब पूर्वी मोठ्याने वाचून दाखवला जाई व तपासनीस तो ऐके.

मराठीतील 'नियंत्रण' हा शब्द मात्र वेगळ्या कुळातला आहे. तो 'यम्', म्हणजे आवरणे, ह्या धातूकडे जातो आणि 'यंत्र' हा शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. प्रतिवहीची कल्पना आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. ती 'रुजुवात' ह्या शब्दात आहे. जमाखर्चाच्या जुन्या परिभाषेत एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून खरा ठरवणे म्हणजे रुजुवात. आणि तिच्या मुळाशी परतणे ह्या अर्थाचा अरबी शब्द आहे. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे अधिकारी एकमेकांच्या बरोबरीने नेमले जात, त्यामागील धोरणही हेच होते : गड एकाच्या हाती नसावा आणि हिशेबही एकाच्या लेखणीत नसावा.

'नियंत्रण' आणि 'रुजुवात' ह्या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेच प्रस्तुत लेखाचे सूत्र आहे. माहितीव्यवस्था ही आवरण्याचे यंत्र तरी होऊ शकते किंवा दोन वह्यांचा ताळा तरी होऊ शकते. पहिली गोष्ट दुसरीवाचून झाली, तर काय अनर्थ घडतो, ह्याचे अलीकडील काळातील एक मोठे उदाहरण ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या 'होरायझन' ह्या संगणकप्रणालीचे आहे. त्याकडे वळण्यापूर्वी ह्या विषयातील विचारांची थोडक्यात ओळख करून घेऊ.

(२)

अहवालांच्या द्वारे दूरवरून व्यवस्थापन करण्याचा प्रश्न आधुनिक काळात प्रथम रेल्वेने उभा केला. अमेरिकेतील न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम ह्यांनी १८५५ च्या सुमारास असे दाखवून दिले, की पन्नास मैलांच्या लोहमार्गाचा अधीक्षक प्रत्येक गोष्ट जातीने पाहू शकतो, प्रत्येक माणसाला ओळखू शकतो; पाचशे मैलांच्या मार्गावर हे अशक्य होते, आणि म्हणून लहान मार्गावर जी पद्धत यशस्वी ठरते तीच मोठ्या मार्गाचा नाश करते. त्यांनी तारयंत्राचा उपयोग करून नियमित अहवालांची पद्धत बसवली. जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर दिसावे, ही माहितीव्यवस्थेची मूळ प्रेरणा येथे स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ह्या प्रेरणेला सिद्धान्ताचे रूप मिळाले. नॉर्बर्ट वीनर ह्यांनी १९४८ मध्ये 'सायबर्नेटिक्स' हे नाव रूढ केले. ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्याला जो शब्द आहे त्यावरून त्यांनी ते घेतले. सुकाणू धरणारा माणूस नावेला नुसती दिशा देत नाही. नाव किती भरकटली हे पाहून तो आपला हात बदलतो. परिणामाची वार्ता कर्त्याकडे परत येणे, ज्याला फीडबॅक म्हणतात, हा नियंत्रणाचा गाभा होय. रुजुवातीतील 'परतणे' येथे पुन्हा भेटते. पुढे १९५६ मध्ये रॉस ॲशबी ह्यांनी एक नियम मांडला. त्याचा आशय असा, की ज्या व्यवस्थेवर नियंत्रण ठेवावयाचे तिच्यात जितक्या प्रकारच्या अवस्था उद्भवू शकतात, त्यांना पुरे पडेल इतके वैविध्य नियंत्रकाच्या ठायी असले पाहिजे. ज्याच्यापाशी दोनच उत्तरे आहेत, त्याला दहा प्रकारचे प्रश्न हाताळता येणार नाहीत.

व्यवस्थापनशास्त्रात रॉबर्ट अँथनी ह्यांनी १९६५ मध्ये केलेली विभागणी आजही शिकवली जाते. त्यांनी तीन स्तर मानले : संस्थेची उद्दिष्टे ठरवणारे नियोजन, साधने योग्य प्रकारे वापरली जात आहेत ना हे पाहणारे व्यवस्थापकीय नियंत्रण, आणि नेमून दिलेली कामे नेमकेपणाने होत आहेत ना हे पाहणारे कार्यनियंत्रण. ह्यांतील शेवटचा स्तर नियमबद्ध असल्यामुळे यंत्राकडे सोपवता येण्याजोगा असतो. मधल्या स्तराला मात्र माणसाची विवेकबुद्धी लागते, कारण तेथे आकड्यामागील माणसाशी बोलावे लागते.

माहितीव्यवस्थांविषयीचा उत्साह ऐन भरात असताना, १९६७ मध्ये, रसेल ॲकॉफ ह्यांनी एक लेख लिहून त्या उत्साहाला आवर घातला. अशा व्यवस्था आखणारे लोक पाच गोष्टी गृहीत धरतात आणि त्या पाचही बहुधा चुकीच्या असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. व्यवस्थापकाला माहितीची टंचाई भासते. तो जी माहिती मागतो ती त्याला खरोखर हवी असते. ती मिळाली म्हणजे त्याचे निर्णय सुधारतात. विभागाविभागांत दळणवळण वाढले म्हणजे संस्थेचे काम सुधारते. आणि व्यवस्था कशी चालते हे व्यवस्थापकाला कळण्याची गरज नाही, ती वापरता आली म्हणजे पुरे : ही ती पाच गृहीते. पाचव्याच्या संदर्भात त्यांनी एका उद्योगातील साठानियंत्रणाच्या यंत्रणेचे उदाहरण दिले. तिच्यात बसवलेल्या नियमातील एका चुकीमुळे ती जुन्या हातपद्धतीपेक्षा कितीतरी महाग पडत होती. परंतु ती कशी चालते हे तेथील व्यवस्थापकांना ठाऊक नसल्यामुळे हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. जी व्यवस्था आपल्याला समजत नाही तिच्यावर आपले नियंत्रण नसते. तिचेच आपल्यावर असते, हा ॲकॉफ ह्यांच्या सांगण्याचा इत्यर्थ.

त्या उदाहरणात नुकसान पैशांचे होते. होरायझनच्या प्रकरणात ते माणसांचे झाले.

(३)

ब्रिटनमधील बहुसंख्य पोस्ट कार्यालये 'सब-पोस्टमास्टर' म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र व्यावसायिक चालवतात. हे पोस्ट ऑफिसचे नोकर नव्हेत. करारबद्ध दुकानदार होत. खेड्यातील वाणसामानाच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी, असे त्यांचे नेहमीचे स्वरूप. त्या खिडकीवर तिकिटे विकली जातात, निवृत्तिवेतन दिले जाते, बिले भरून घेतली जातात. पूर्वी हा सर्व हिशेब कागदावर होई आणि आठवड्याच्या शेवटी सब-पोस्टमास्टर स्वतः रोकड, तिकिटे आणि पावत्या ह्यांचा मेळ घाली. चूक सापडली तर ती त्याच्याच कागदांत, त्याच्याच डोळ्यांसमोर सापडे.

१९९९ पासून आयसीएल आणि पुढे फुजित्सु ह्या कंपनीने तयार केलेली होरायझन ही प्रणाली देशभरच्या हजारो शाखांत बसवण्यात आली. प्रत्येक व्यवहार खिडकीवरील यंत्रात नोंदवावयाचा, तो दूरच्या केंद्राकडे जावयाचा, आणि शाखेत किती रोकड असावयास पाहिजे हे यंत्राने सांगावयाचे. प्रत्यक्ष रोकड त्याहून कमी भरली तर ती तूट. कराराच्या कलमाप्रमाणे सब-पोस्टमास्टरवर त्याच्या स्वतःच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी होती. व्यवहारात मात्र पोस्ट ऑफिसने त्याचा अर्थ असा केला, की यंत्राने दाखवलेली प्रत्येक तूट त्याने भरून दिली पाहिजे.

यंत्रात दोष होते. त्यांतील काहींची नावे पुढे न्यायालयाच्या निकालपत्रात आली. फॉल्कर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोषात, एका खिडकीवरून केलेली रकमेची बदली दुसऱ्या खिडकीच्या यंत्राला दिसत नसे, आणि त्यामुळे तीच नोंद पुन्हा होण्याचा प्रसंग येई. स्कॉटलंडमधील डॅल्मेलिंग्टन येथे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या दोषात, रोकडीची थैली नोंदवल्यावर पडदा पुढे सरकत नसे. वापरणारा साहजिकच कळ पुन्हा दाबी, आणि प्रत्येक वेळी तीच थैली नव्याने जमा होई. हिशेबात थैल्या वाढत. तिजोरीत एकच असे. जी रक्कम कधी आलीच नव्हती ती आता 'कमी' भरू लागे.

अशा तुटी सब-पोस्टमास्टरांनी आपल्या बचतीतून, नातेवाइकांकडून उसने घेऊन, घर गहाण टाकून भरल्या. ज्यांना भरणे शक्य झाले नाही त्यांच्यावर चोरीचे किंवा खोटे हिशेब लिहिल्याचे खटले झाले. १९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक जणांना दोषी ठरवण्यात आले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसने फिर्यादी म्हणून स्वतःच चालवले होते. म्हणजे ज्या संस्थेची तूट, तीच तपास करणारी आणि तीच खटला भरणारी. २०१० मध्ये सीमा मिश्रा ह्यांना गरोदर असताना तुरुंगात जावे लागले.

ब्रिडलिंग्टन येथील ली कॅसलटन ह्यांची हकीकत ह्या विषयाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. २००३ मध्ये त्यांनी शाखा घेतली. थोड्याच महिन्यांत तुटी दिसू लागल्या आणि वाढत पंचवीस हजार पौंडांवर गेल्या. त्यांनी साहाय्यासाठी नेमलेल्या दूरध्वनीवर ९१ वेळा विचारणा केली. पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला; वकील परवडत नसल्याने त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. २००७ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला आणि दाव्याच्या खर्चापोटी सुमारे ३,२१,००० पौंड त्यांच्यावर बसले. ते दिवाळखोर झाले.

लांडिडनोजवळील शाखा चालवणारे ॲलन बेट्स ह्यांनी यंत्राने दाखवलेली तूट मान्य करण्याचे नाकारले होते. २००३ मध्ये त्यांचा करार संपुष्टात आणला गेला. २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' ह्या नियतकालिकाने अशा सात जणांच्या हकीकती छापल्या आणि त्याच वर्षी सब-पोस्टमास्टरांची संघटना उभी राहिली. पुढे बेट्स ह्यांच्यासह ५५५ जणांनी उच्च न्यायालयात दावा केला. २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर ह्यांनी दोन विस्तृत निकालपत्रांत कराराचा पोस्ट ऑफिसने लावलेला अर्थ फेटाळला आणि होरायझनमध्ये तुटी निर्माण करणारे दोष होते असे ठरवले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये ह्या विषयावरील दूरदर्शन-नाट्याने देशात क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा एकदम पुसून टाकल्या. सर विन विल्यम्स ह्यांच्या चौकशीचा पहिला अहवाल जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या छळामुळे किमान तेरा जणांनी आत्महत्या केल्या असण्याचा संभव त्यात नोंदवला आहे.

(४)

आता ह्या प्रकरणाकडे विधानांची व्यवस्था म्हणून पाहू. एखाद्या भाषेचे वर्णन करताना आपण तिच्यात काय म्हणता येते हे पाहतो, आणि काय म्हणता येत नाही हेही पाहतो. होरायझनच्या भाषेचे असे वर्णन केले तर पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की तिच्यात नकार नव्हता.

२००५ पूर्वी सब-पोस्टमास्टरला वादग्रस्त रक्कम शाखेच्या उचंत खात्यात टाकून ठेवता येत असे. 'ही तूट दिसते खरी, पण ती मला मान्य नाही; तपास होईपर्यंत ती येथे राहू दे,' हे विधान त्या खात्याच्या द्वारे करता येई. २००५ मध्ये हिशेबाची नवी पद्धत आली आणि ही सोय काढून टाकण्यात आली. त्यानंतर कालावधीच्या अखेरीस तूट दिसली तर पडद्यावर जे पर्याय येत त्यांचा आशय एवढाच, की रोख भरतो, धनादेशाने भरतो, किंवा केंद्राकडे माझ्या नावे मांडावी. ह्यांतील एक निवडल्याशिवाय हिशेब बंद होत नसे, आणि हिशेब बंद झाल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खिडकी उघडत नसे. 'मला हे मान्य नाही' अशी कळ यंत्रावर नव्हती. वाद घालावयाचा तर दूरध्वनी करावयाचा. परंतु दूरध्वनीवर बोललेले त्या हिशेबात उतरत नसे.

ह्याचा परिणाम सूक्ष्म पण भयंकर झाला. मुख्य कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्यासमोर जे कागद येत त्यांत प्रत्येक सब-पोस्टमास्टरने आपला हिशेब बरोबर असल्याचे प्रमाणित केलेले असे. त्या कागदांवर कोणी तक्रार केलेली दिसत नसे, कारण तक्रारीला तेथे जागाच नव्हती. ज्या भाषेत नकाराचे रूप नाही त्या भाषेत प्रत्येक विधान होकारार्थी असते. पण त्यामुळे बोलणारा सहमत आहे असे सिद्ध होत नाही. पुढे हाच होकार त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. नाइलाजाने 'बरोबर' म्हणून सही केलेला हिशेब न्यायालयात 'खोटा हिशेब' ठरला. ॲशबी ह्यांचा नियम येथे लावून पाहावा. शाखेत तूट दिसण्याची कारणे अनेक : चोरी, मोजणीची चूक, मदतनिसाची चूक, यंत्राचा दोष, तारेतील बिघाड. व्यवस्थेपाशी उत्तर एकच : भरा.

दुसरी गोष्ट विधानांच्या वाटेची. दूरध्वनीवर विचारणा करणाऱ्या अनेकांना असे सांगण्यात आले, की अशी अडचण असलेले तुम्ही एकटेच. हे विधान खोटे होते. तरी ते करणारा कर्मचारी प्रत्येक वेळी खोटे बोलत होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर एका वेळी एकच माणूस येई, आणि आलेल्या तक्रारी एकत्र मांडून त्यांतील साम्य पाहणे हे त्याचे काम नव्हते. माहितीव्यवस्था तुटींची बेरीज करीत होती. तक्रारींची करीत नव्हती. कॅसलटन ह्यांची ९१ वेळची विचारणा ही ९१ वेळा परत आलेली वार्ता होती. ती घेऊन सुकाणू वळवणारा हात मात्र व्यवस्थेत नव्हता.

तिसरी गोष्ट नावांची. 'तूट' हा शब्दच पाहा. यंत्राचा आकडा आणि तिजोरीतील रोकड ह्यांत फरक आहे, एवढेच वस्तुस्थितीचे वर्णन. त्या फरकाला 'तूट' म्हटले, की यंत्राचा आकडा खरा आणि रोकड खोटी हा निर्णय शब्दातच होऊन जातो. 'तफावत' म्हटले असते तर दोन्ही बाजू तपासण्यास मोकळ्या राहिल्या असत्या. उलट दिशेनेही शब्दांची निवड होत होती. २०२४ मध्ये चौकशीपुढे आलेल्या कागदांतून असे दिसले, की २०१३ मध्ये पोस्ट ऑफिसच्या तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी पॉला व्हेनेल्स ह्यांनी संगणकातील दोषांसाठी भावना न चाळवणारा शब्द कोणता, असे आपल्या पतीला विचारले होते, आणि 'अपवाद' किंवा 'विसंगती' असे उत्तर त्यांना मिळाले होते. शाखेतील फरकाला ठाम नाव आणि यंत्रातील दोषाला गुळगुळीत नाव, अशी ही विभागणी होती. परिभाषा ठरवण्याचे काम निर्दोष, कोरडे आहे असे आपण भाषेचे लोक पुष्कळदा समजतो; ते तसे नाही, ह्याचा हा दाखला होय.

(५)

आता प्रतिवहीच्या प्रश्नाकडे परत येऊ. होरायझनच्या बाबतीत दुसरी वही अस्तित्वातच नव्हती असे म्हणता आले असते तर प्रकरण निदान समजण्यास सोपे झाले असते. परंतु ती होती. फुजित्सु कंपनीच्या अभियंत्यांनी प्रणालीत आढळलेल्या दोषांची एक नोंद ठेवलेली होती. 'ज्ञात दोषांची नोंद' असेच तिचे नाव. कोणत्या शाखेत कोणती लक्षणे दिसली, त्यांचे कारण काय असावे, तात्पुरता उपाय काय, हे त्यात लिहिले जाई. ज्या सब-पोस्टमास्टरला आपल्या तुटीचा उलगडा होत नव्हता, त्याला हीच वही हवी होती. ती त्याला दाखवली गेली नाही, आणि दाव्यातही तिचे महत्त्व नाकारण्याचा प्रयत्न झाला. शिवाय कंपनीच्या अभियंत्यांना सब-पोस्टमास्टरच्या नकळत शाखेच्या हिशेबात दुरून नोंद घालता येत होती. हे शक्य नाही असे पोस्ट ऑफिसने दीर्घकाळ सांगितले; दाव्याच्या काळात ते मान्य करावे लागले.

कागदी पद्धतीत सब-पोस्टमास्टरपाशी स्वतःची वही होती. संगणकीय पद्धतीत त्याच्यापाशी उरला तो पडदा, आणि त्या पडद्यावर दिसे ते मुख्य कार्यालयाच्याच वहीचे एक पान. म्हणजे दोन वह्या असल्याचा केवळ भास होता. शाखेचा आकडा आणि केंद्राचा आकडा जुळला ह्याचा अर्थ एकाच वहीची दोन पाने जुळली इतकाच. त्यातून रुजुवात होत नाही. हे तत्त्व ह्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे : दोन नोंदींचा मेळ तेव्हाच पुरावा ठरतो, जेव्हा त्या नोंदी दोन निराळ्या हातांनी, निराळ्या मार्गांनी केलेल्या असतात.

ह्या दुर्दैवाला कायद्याचीही साथ मिळाली. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यातील ६९ व्या कलमानुसार, संगणकाने दिलेला पुरावा दाखल करावयाचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. हे कलम अडचणीचे वाटल्याने १९९९ च्या कायद्याने ते रद्द झाले. त्यानंतर यंत्र नीट चालत होते असेच गृहीत धरले जाऊ लागले आणि तसे नव्हते हे दाखवण्याचा भार व्यवहारात आरोपीवर आला. ज्याला प्रणालीच्या आत पाहण्याची मुभा नाही, त्याने ती बिघडली असल्याचे दाखवावे, अशी ही अपेक्षा होती. होरायझन शाखांत बसवले जात होते तो काळ आणि हा बदल एकाच सुमाराचे आहेत.

ॲकॉफ ह्यांचे पाचवे गृहीत येथे पराकाष्ठेला गेलेले दिसते. सब-पोस्टमास्टरला व्यवस्था कळण्याची गरज नाही असे मानले गेले. तपास करणाऱ्याला, वकिलाला आणि न्यायाधीशालाही ती गरज नाही असे मानले गेले. आणि अखेर वरिष्ठ व्यवस्थापकांनाही ती कळत नाही ही अवस्था आली. ज्यांना ती थोडीफार कळत होती ते अभियंते दुसऱ्या कंपनीत होते. अँथनी ह्यांच्या भाषेत सांगावयाचे तर कार्यनियंत्रणाच्या स्तरावरील यंत्राने व्यवस्थापकीय नियंत्रणाची जागा घेतली. ज्या ठिकाणी माणसाने माणसाला 'काय झाले?' असे विचारावयाचे, त्या ठिकाणी आकड्याने उत्तर आधीच दिलेले होते.

एका आक्षेपाचा विचार करणे जरूर आहे. हजारो शाखांतून रोज लाखो व्यवहार होत असताना प्रत्येक तफावतीवर माणसाने विचार करावा हे शक्य आहे काय? मॅकॅलम ह्यांनी म्हटल्याप्रमाणे मोठ्या मार्गावर जातीने देखरेख होऊ शकत नाही, हे खरेच आहे. काही शाखांत खरोखर अफरातफर होत असणार हेही नाकारता येत नाही. परंतु प्रत्येक प्रकरण तपासावे अशी मागणी कोणी करीत नाही. मागणी एवढीच, की ज्या प्रकरणात खालचा माणूस 'हे बरोबर नाही' असे म्हणतो ते वेगळे काढता यावे, तशा प्रकरणांची गणना व्हावी, आणि त्यांचा निकाल ज्याचा त्यात स्वार्थ नाही अशा माणसाने द्यावा. ह्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक उचंत खाते, एक स्वतंत्र वही आणि ऐकणारा एक कान पुरे.

(६)

निष्कर्ष थोडक्यात मांडतो. माहितीव्यवस्थेची परीक्षा ती वर किती माहिती पोहोचवते ह्यावरून होते असा सामान्य समज आहे. वरील विवेचनावरून ती परीक्षा तीन प्रश्नांनी करावी असे सुचते. एक : ह्या व्यवस्थेत खालच्या माणसाला नकार देता येतो काय, आणि तो नकार नोंदीत उतरतो काय? दोन : ज्या दोन आकड्यांचा मेळ घातला जातो ते खरोखर दोन आहेत काय? तीन : फरकाला जे नाव दिले आहे त्यात दोषाचा निर्णय आधीच दडलेला आहे काय? बँका, विमा, शिधावाटप, विद्यार्थ्यांचे गुणपत्रक, कर्मचाऱ्यांची हजेरी, ह्या सर्वच क्षेत्रांत आज संगणकाने सांगितलेला आकडा अंतिम मानण्याकडे ओढा आहे. ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे समाधानकारक नाहीत, तेथे होरायझनची पुनरावृत्ती केवळ घडली नाही म्हणून घडली नाही, असे समजावे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. अर्ज, नमुने, तक्ते, पडद्यावरील पर्याय ही आधुनिक जीवनातील फार मोठी भाषा आहे. कोट्यवधी लोक ती रोज वापरतात आणि तिच्यातील वाक्ये त्यांनी रचलेली नसतात. तिचे व्याकरण अजून कोणी नीट लिहिलेले नाही. कोणते अर्थ तिच्यात व्यक्त होऊ शकतात, कोणते होऊ शकत नाहीत, आणि जे होऊ शकत नाहीत त्यांचे ओझे कोणाच्या माथी पडते, हा संशोधनाला योग्य असा विषय आहे. बोलीभाषेच्या संग्रहासाठी आपण ज्या चिकाटीने खेडोपाडी हिंडतो, ती चिकाटी ह्या भाषेच्याही वाट्याला यावी.

ॲलन बेट्स ह्यांनी यंत्राचा आकडा मान्य करण्याचे नाकारले तेव्हा त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते. आपल्या शाखेत काय घडले हे आपल्याला ठाऊक आहे एवढी खात्री आणि जपून ठेवलेले कागद होते. 'कंट्रोल' ह्या शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले तर त्या सबंध संस्थेत नियंत्रणाचे काम त्या वेळी तोच माणूस करीत होता. कारण समोरची दुसरी वही त्याच्या हाती होती. न्यायालयाने ती वही वाचावी ह्यासाठी सोळा वर्षे जावी लागली.